खान्देशातल्या घरी शॉर्टवेव्हची खरखर कशी कमी करावी: अँटेना, केबल आणि अर्थिंग

शॉर्टवेव्हवर खरखर वाढली की आपला हात आधी अँटेनाकडे जातो. वायर आणखी दहा मीटर लांबवायची, धाब्यावर आणखी एक बांबू उभा करायचा. त्याने स्टेशन मोठं होतं, पण खरखरही तेवढीच मोठी होते आणि बातम्यांमधला शब्द पूर्वीइतकाच बुडालेला राहतो. स्टेशन खरखरीच्या वर किती आहे, एवढ्याच एका गोष्टीवर ऐकू येणं अवलंबून असतं. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजचा साधा डिजिटल रेडिओदेखील पुरेसा संवेदनशील आहे. तेव्हा स्टेशन वाढवण्यापेक्षा गोंगाट खाली आणण्यात कष्ट घालावेत असं माझं ठाम मत आहे. त्या गोंगाटाचा मोठा वाटा आपल्याच घरात तयार होतो आणि केबलवरून चढून अँटेनापर्यंत पोचतो.

आपल्या आजोबांच्या पिढीने साध्या वायरवर रेडिओ सिलोन स्वच्छ ऐकला, त्याचं एक कारण केंद्राची ताकद आणि दुसरं कारण घर. घरात दोन पिवळे बल्ब आणि फार तर एक पंखा. आता त्याच घरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, वायफायचा डबा, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी असते आणि या प्रत्येकात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं सर्किट असतं. ऐकण्याजोगी केंद्रंही कमी झाली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबलं. उरलेली केंद्रं बहुधा लांबची, म्हणून त्यांच्यासाठी घर शांत करणं अधिकच गरजेचं.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे ती जागेची. रावेर-यावलचा केळीचा पट्टा असो, चोपडा, शहादा किंवा साक्रीकडचं खेडं असो, घरामागे परसू असतं, गावाबाहेर खळं असतं. अँटेना घरापासून २०-३० मीटर लांब नेता आली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

लाईट गेली की रेडिओ लावा

पहिली पायरी फुकटची आहे. "लाईट गयी रे भो" असं ऐकू आलं की लगेच रेडिओ सेलवर चालू करा. आधी घरातला इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने पूर्ण बंद करा, कारण चालू इन्व्हर्टर स्वतःच खरखर करतो आणि मग या परीक्षेला अर्थ राहत नाही. आता ४९ मीटर (५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ), ३१ मीटर (९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ) आणि १९ मीटर (१५१०० ते १५८०० किलोहर्ट्झ) या पट्ट्यांत स्टेशन नसलेली एकेक रिकामी जागा शोधा आणि रेडिओचा सिग्नल दाखवणारा मीटर (एस-मीटर) काय दाखवतो ते वहीत लिहा. लाईट आल्यावर त्याच जागी, तोच बँडविड्थ (रेडिओ एका वेळी किती रुंद पट्टी ऐकतो ती सेटिंग) ठेवून पुन्हा लिहा. दोन्ही नोंदी शक्यतो एकाच प्रहराच्या असाव्यात. रात्री लांबच्या गडगडाटी ढगांचा आवाजही पोचतो, त्यामुळे दुपारची नोंद रात्रीच्या नोंदीशी ताडून उपयोग नाही.

लाईट नसतानाचा आकडा म्हणजे तुमच्या गावची जमीनपातळी. त्याच्या खाली जाता येत नाही. सगळी मेहनत त्याच्या जवळ पोचण्यासाठी. एस-मीटरवरचा एक टप्पा म्हणजे ६ डेसिबल. लाईट असताना एस ७ आणि नसताना एस ३ दिसत असेल तर फरक २४ डेसिबलचा, म्हणजे गोंगाटाची शक्ती सुमारे अडीचशेपट जास्त आहे. एवढा फरक कुठलाही महागडा रेडिओ भरून काढत नाही.

मग एकट्या आपल्या घराची लाईट घालवा

गावात वीज असताना आपला मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर बंद करा, रेडिओ सेलवर ठेवा. खरखर धपकन खाली आली तर दोष घरातला. थोडीच हलली तर शेजारचा किंवा बाहेरच्या तारांचा. हे ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

घरातला दोष असेल तर एमसीबी (मेन बोर्डावरचे वेगवेगळ्या ओळींचे छोटे स्विच) एकेक करून वर करा आणि प्रत्येक वेळी मीटर बघा. ज्या एमसीबीला खरखर उडी मारते, त्या ओळीवरच्या वस्तू एकेक करून चालू करा. हे काम दोघांनी करावं, एकाने बोर्डाजवळ आणि एकाने रेडिओजवळ. मोबाइल रेडिओपासून लांब ठेवा. बटण बंद केलं तरी चार्जर सॉकेटमध्ये तसाच राहतो आणि कधी बोर्डावरचं बटण फेजऐवजी न्यूट्रलच तोडतं, त्यामुळे संशयित वस्तू सॉकेटमधून काढूनच तपासा.

सापडलेल्या वस्तूजवळ लहान रेडिओ नेऊन खात्री करा. मध्यम लहरींवर रिकाम्या जागी लावलेला खिशातला रेडिओ यासाठी उत्तम. त्याच्या आतल्या फेराइटच्या (काळ्या, कडक चुंबकीय पदार्थाच्या) दांडीचं टोक उगमाकडे वळलं की आवाज एकदम पडतो. दोन वेगळ्या जागांवरून अशी दिशा घेतली की उगमाची जागा जवळपास नक्की होते.

कानाने ओळखायचे प्रकार

फोनवर नमुने रेकॉर्ड करून ठेवा. काही आठवड्यांत कान आपोआप तयार होतो.

जाड, खरबरीत "घर्रर्र" असेल तर तो १०० हर्ट्झचा, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला दर फेऱ्यात दोन शिखरं असतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हलक्या दर्जाचा एलईडी दिवा किंवा खांबावर ठिणगी पडणारी जागा, तिन्हींचा आवाज असाच. रेग्युलेटर असेल तर पंख्याचा वेग बदलल्यावर आवाजाचा पोत बदलतो.

डायल फिरवताना ठरावीक अंतराने, समजा दर ६०-७० किलोहर्ट्झला, फुगवटा येत असेल आणि तो हळूहळू सरकत असेल तर तो चार्जर किंवा अडॅप्टर. तापला की त्याची फ्रिक्वेन्सी हलते, म्हणून फुगवटा चालतो.

सूर्य वर आला की सुरू होणारा, ढग आला की बदलणारा आणि मावळतीला थांबणारा आवाज सोलरचा. आता शेतोशेती सोलर पंप आहेत, छतावर पॅनल आहेत. पॅनलच्या लांब वायरी त्यांच्या कंट्रोलरच्या गोंगाटाला आयती अँटेना पुरवतात. प्लस आणि मायनस वायरी एकमेकींना चिकटवून, पिळून नेल्या आणि कंट्रोलरजवळ फेराइटमधून काढल्या तर बराच फरक पडतो.

साधारण दर सेकंदाला "टक्… टक्… टक्…" असा ठोका पडत असेल तर ते झटका मशीन. रानडुकरं आणि नीलगायींपासून पीक राखायला कुंपणाला लावतात ते. नीट बसवलेलं मशीन फारसा त्रास देत नाही. तारेला गवत किंवा वेल टेकला, इन्सुलेटर तडकला, सांधा ढिला झाला की तिथे ठिणगी उडते आणि ती ठिणगी रेडिओत वाजते. शेतकऱ्याला जाऊन सांगितलं तर तोही खुश होतो, कारण ठिणगी उडते तिथे त्याच्या कुंपणाचा झटका वाया जात असतो. तारेला हात मात्र मालकाने मशीन बंद केल्यावरच. तोवर रेडिओतला नॉइज ब्लँकर (ठोक्याच्या क्षणापुरता आवाज दाबणारी सोय) या ठोक्यांवर चांगला चालतो. घर्रर्र आवाजावर त्याचा फारसा उपयोग नाही.

भुसावळ, जळगाव, चाळीसगावला रुळांजवळ राहणाऱ्यांना गाडी जाताना कडकड ऐकू येईल. ती २५ हजार व्होल्टच्या तारेवर घासणाऱ्या पेंटोग्राफची. गाडीबरोबर ती येते-जाते, तिच्यामागे लागू नका.

वस्तू सापडली, आता काय

सर्वांत सरळ इलाज म्हणजे ती वस्तू बदलणे. अतिस्वस्त एलईडी दिव्यात गोंगाट अडवणारा भाग वाचवलेला असतो. चांगल्या बनावटीचा दिवा लावून बघितला की खात्री पटते. वायफायचा डबा बहुधा निर्दोष असतो, दोष त्याच्या अडॅप्टरचा. १२ व्होल्टचा असेल तर जुन्या पद्धतीचा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा, रेग्युलेटर असलेला जड अडॅप्टर त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा बघून लावा. २३० व्होल्टची वस्तू उघडून आत कपॅसिटर जोडण्याचे उद्योग घरी करू नयेत.

बदलता येत नसेल तिथे फेराइट. वायरवर एक मणी चिमट्यासारखा लावून लोक निराश होतात. शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यांवर एकाच फेऱ्याने जवळजवळ काही होत नाही. अडथळा फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो: दोन फेऱ्यांना चौपट, चार फेऱ्यांना सोळापट. म्हणून मोठी रिंग घ्या आणि वायर तिच्यातून आठ-दहा वेळा काढा, वस्तूच्या शक्य तितकी जवळ. रिंगच्या भोकातून वायर जितक्यांदा गेली तितके फेरे मोजायचे.

रिंगचं मटेरियल महत्त्वाचं. ३ ते ३० मेगाहर्ट्झसाठी ३१ क्रमांकाचं मिश्रण सर्वांत चांगलं. ४३ क्रमांकाचं १० मेगाहर्ट्झच्या वर बरं चालतं. कॉम्प्युटरच्या भंगार पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग घेऊ नका. ती लोहचूर्णाची असते, या कामाला निरुपयोगी. त्याच भंगारातल्या जुन्या मॉनिटर केबलवरचे जाड फेराइट मणी मात्र जपून ठेवा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी दुरुस्तीवाल्यांकडे अशा गोष्टी पडलेल्या असतात, विचारायला लाजू नका.

केबलवरून चढणारा गोंगाट

आता मुख्य काम. समजा अँटेना मागे निंबाच्या झाडावर आहे आणि तिथून को-एक्स केबल (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली) घरात रेडिओपर्यंत येते. त्या केबलची बाहेरची जाळी रेडिओच्या चार्जरमार्फत घराच्या वायरिंगला जोडली जाते. वायरिंगवरचा सगळा गोंगाट जाळीच्या बाहेरच्या अंगाने धावत अँटेनापर्यंत जातो आणि तिथून केबलच्या आत शिरतो. त्यामुळे अँटेना लांब नेऊनही खरखर पाठ सोडत नाही. हा रस्ता तीन ठिकाणी तोडायचा.

पहिलं ठिकाण अँटेनाचं टोक. १२ ते २० मीटर साधी इन्सुलेटेड तांब्याची वायर घ्या. घराच्या वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची चालते. तिची दोन्ही टोकं पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांना बांधून नायलॉन दोरीने ताणा. वायर आणि केबल यांच्यामध्ये ९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो दोन वेगळ्या वेटोळ्यांचा असावा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ९:१ डब्यांत एकच सलग वेटोळं असतं आणि त्याने गोंगाटाची वाट तुटत नाही. घरी करायचा तर बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा छोटा फेराइट घ्या. एनॅमल वायरचे एका बाजूला ६ फेरे आणि दुसऱ्या बाजूला २ फेरे घाला. एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत आली की एक फेरा. फेऱ्यांचं प्रमाण ३:१, म्हणून इम्पीडन्सचं (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) ९:१. मुद्दाम कमी फेरे सांगतोय, कारण फेरे वाढले की दोन वेटोळ्यांमधून गोंगाट पाझरण्याची वाटही वाढते. ४३ मिश्रणाची एक इंचाची रिंग असेल तर १२ आणि ४ फेरे घाला, दोन वेटोळी रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना.

जोडणी अशी: ६ फेऱ्यांचं एक टोक अँटेना वायरला, दुसरं जमिनीत ठोकलेल्या अर्थ सळईला. २ फेऱ्यांची टोकं केबलच्या मधल्या तारेला आणि जाळीला. जाळी आणि अर्थ सळई इथे एकमेकींना जोडायच्या नाहीत. बसवण्याआधी मल्टिमीटरने बघा, दोन वेटोळ्यांमध्ये कंटिन्युइटी दिसता कामा नये. या रचनेचा आणखी एक फायदा उन्हाळ्यात कळतो. कोरड्या वाऱ्यात, धुळीत वायरवर साचणारा विद्युतभार वेटोळ्यातून थेट जमिनीत उतरतो आणि त्याची फरफर थांबते.

दुसरं ठिकाण म्हणजे केबलची वाट. केबल टीव्हीची आरजी-६ वापरा. ती ७५ ओहमची आहे, रेडिओ ५० ओहमचा आहे, आणि नुसतं ऐकण्यासाठी या फरकाची चिंता करण्याचं कारण नाही. १० मेगाहर्ट्झला ३० मीटर केबलमागे जेमतेम एक डेसिबलभर घट होते. ती हवेत लटकवू नका, भिंतीवरून लाईटच्या वायरींसोबत तर मुळीच नेऊ नका. जमिनीवरून किंवा वीतभर खोल मातीतून न्या. मातीशी लागून गेलेल्या केबलवर गोंगाटाचा प्रवाह क्षीण होत जातो. खारी आणि उंदरांपासून वाचवायला ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी उत्तम, पण आत ड्रिपर नसलेली साधी लॅटरल निवडा, नाहीतर केबल सरकणार नाही. सांधा मातीत ठेवू नये.

तिसरं ठिकाण घरात शिरण्याआधी. इथे केबलचा चोक करा, म्हणजे केबलच फेराइट रिंगमधून अनेकदा काढून जाळीवरचा गोंगाट अडवा. ६१ मिलिमीटर व्यासाची ३१ मिश्रणाची रिंग आणि आरजी-१७४ ही बारीक केबल असेल तर १० ते १२ फेरे घाला. आरजी-६ जाड आणि ताठ असते, तिचे दोन-तीन रिंगा एकावर एक ठेवून पाच-सहा फेरे बसतात. आत येणारं आणि बाहेर जाणारं टोक एकमेकांपासून लांब ठेवा. जवळ आली तर गोंगाट रिंगला वळसा घालून उडी मारतो. दुसरा असाच चोक अँटेनाच्या टोकाशी ट्रान्सफॉर्मरजवळ लावला तर आणखी चांगलं.

हे झाल्यावर रेडिओचा पुरवठा. बसून ऐकताना रेडिओ सेलवर किंवा १२ व्होल्टच्या सीलबंद बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा. आरटीएल-एसडीआर (लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा छोटा रेडिओ) वापरणाऱ्यांनी लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा आणि यूएसबी केबलही फेराइटमधून काढावी.

काळी माती आणि अर्थिंग

अँटेनाची अर्थ सळई घराच्या अर्थिंगपासून लांब, अँटेनापाशीच ठोकायची. घराच्या अर्थिंगवर सगळ्या घराचा गोंगाट असतो, तो अँटेनाला पाजण्यात अर्थ नाही. घराचं अर्थिंग सुरक्षिततेसाठी आहे तसंच राहू द्या. ते तोडायचं नाही.

तांब्याचा मुलामा असलेली सव्वा ते दीड मीटरची सळई पुरते. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात वीज छान वाहून नेते, पण चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळईभोवती नुसती हवा उरते. मग जुलैत शांत असलेला रेडिओ एप्रिलमध्ये घरघरतो आणि दोष अँटेनाला जातो. सळई मोरीच्या पाण्याच्या चराजवळ किंवा बागेच्या पाटाजवळ ठोका, म्हणजे बारमाही ओल मिळते. तशी जागा नसेल तर आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. सोबत अँटेनाखालून जमिनीवर पाच-सात मीटरच्या दोन-चार वायरी पसरून सळईला जोडल्या की उन्हाळ्यातला फरक बराच कमी होतो.

अर्थिंगचा खटाटोप नको असेल तर डायपोल बांधा. ३१ मीटरसाठी एकूण साधारण १४.८ मीटर वायर, मध्यावर तोडून दोन सारखे भाग, मध्यभागी केबल आणि तिथेच चोक. सळई लागत नाही आणि गोंगाटही कमी उचलतो. मात्र सर्व पट्ट्यांवर सारखा चालत नाही.

जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमध्ये

इथे लांब वायर टाळा. ती इमारतीतल्या सगळ्यांच्या चार्जरांचा आवाज गोळा करते. एक मीटर व्यासाचा लूप करा. त्याला लागतो एसीवाल्यांकडे मिळणारा तीन-अष्टमांश इंची तांब्याचा पाइप, सव्वातीन मीटर. त्याच्या दोन टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो) जोडला की तो साधारण ४ मेगाहर्ट्झपासून १५ च्या थोडं पुढेपर्यंत ट्यून होतो. आतल्या बाजूला, कंडेन्सरच्या समोर, २० सेंटिमीटर व्यासाचं जाड वायरीचं कडं ठेवा आणि त्याला केबल जोडा. अँप्लिफायर नाही, वीज नाही. कंडेन्सर फिरवत गेलं की एका जागी आवाज एकदम उसळतो, ती जागा पकडायची. स्टेशन बदललं की पुन्हा फिरवायचा.

याची खरी ताकद वळवण्यात आहे. लूपच्या सपाट तोंडासमोरून येणारा आवाज तो ऐकत नाही. म्हणून लूप उभा ठेवून, गोंगाट सर्वांत कमी होईपर्यंत फिरवा. लांबचं स्टेशन आकाशातून तिरकं खाली येतं, त्यामुळे ते सहसा पूर्ण बुडत नाही. लिफ्टच्या मोटारीचा किंवा समोरच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज बुडतो. खोलीत ठेवण्यापेक्षा बाल्कनीत, आणि बाल्कनीपेक्षा गच्चीवर तो जास्त शांत राहतो.

खांबावरची घरघर

मेन स्विच पाडूनही १०० हर्ट्झची घरघर तशीच असेल तर बाहेर बघा. कोरड्या दिवसात वाढणारी आणि पाऊस पडताच नाहीशी होणारी घरघर म्हणजे बहुधा ढिला नट, सैल बांधणी किंवा तडकलेला इन्सुलेटर. पाण्याने ती फट तात्पुरती बुजते. उलट दमट हवेत वाढत असेल तर इन्सुलेटरवर धूळ-काजळी बसलेली असते. छोटा रेडिओ घेऊन लाईनखालून चाला. खालच्या फ्रिक्वेन्सीवरचा आवाज तारेवरून खूप लांबपर्यंत पळतो आणि फसवतो. जसजसं वरच्या फ्रिक्वेन्सीवर जाल, तसतसा तो दोषी खांबाजवळच ऐकू येतो. खांबावर लिहिलेला क्रमांक, वेळ आणि हवामान लिहून १९१२ वर किंवा गावच्या वायरमनकडे तक्रार द्या. ठिणगी पडणारी जागा पुढे तार तुटण्याचं कारण होऊ शकते, हेही सांगा. खांबाला लाथ मारून बघणं, तणावा हलवणं असले प्रकार जीवघेणे आहेत.

स्वतःची वायर विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नका. बांबू किंवा वायर कुठल्याही बाजूला पडली तरी तारेला टेकणार नाही एवढं अंतर हवं. लाईनशी समांतर बांधण्यापेक्षा काटकोनात बांधलेली वायर तिचा आवाज कमी उचलते.

वळवाच्या आधी

मे-जूनमध्ये आपल्याकडचं वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, तिथे बांबू कसा टिकेल? वायर तंग बांधू नका; एका टोकाची दोरी झाडावर टांगलेल्या कप्पीतून काढून तिला विटेचं वजन द्या, म्हणजे फांदी हलली तरी वायर तुटत नाही. पावसाळ्याआधी ट्रान्सफॉर्मरचा डबा उघडून मुंग्यांची घरं झाडा, हिरवे पडलेले सांधे घासून पुन्हा डाग द्या, केबलचं तोंड रबराच्या टेपने बंद करा. डब्याला खाली एक बारीक भोक ठेवा, साचलेलं पाणी त्यातून निघून जातं.

ढग जमायला लागले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, केबल रेडिओपासून काढून घराबाहेर टाका. चोक, ट्रान्सफॉर्मर आणि सळई यांपैकी काहीही विजेपासून वाचवत नाही. त्यासाठी केबल भिंतीतून आत येते तिथेच बाहेरच्या बाजूला एक जोड ठेवा आणि गडगडाटाच्या दिवसांत ऐकणं झालं की तो रोज सोडून ठेवा. कडाडायला लागल्यावर त्या केबलला हात लावायचा नाही, म्हणून सोडण्याचं काम ढग लांब असतानाच झालेलं हवं.